तो फोटो ग्रँड कॅनियनचा नाही, आणि ती नदी निळी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत शेवटच्या पानावर वाचकाने पाठवलेला एक अर्धपानी रंगीत फोटो आला आहे. खाली ओळ आहे, 'ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यान, अमेरिका'. नदी घोड्याच्या नालेसारखी वळलेली, मधोमध भला थोरला कातळ, भोवती कडे. फोटो चांगला आहे. पण तो ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानाचा नाही. ती जागा हॉर्सशू बेंड, पेज नावाच्या गावाशेजारची. ती ग्लेन कॅनियन राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात येते. नदी तीच, कोलोरॅडो, पण ग्रँड कॅनियनला अजून सुरुवातही व्हायची असते तिथलं हे वळण. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर जिथे सगळे पर्यटक उतरतात, तिथून गाडीने दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. कृष्णेच्या काठचा फोटो छापून खाली 'पंचगंगा' लिहिलं, तर कोल्हापूरकर तुमच्या कार्यालयावर मोर्चा आणतील. अमेरिकेतल्या नदीसाठी कोण येणार? म्हणून मीच लिहितो.

मी कोण, तर मिरजेत 38 वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. पासपोर्ट साईझ, लग्न, मुंज, शाळेचे ग्रुप फोटो. डोंगरदऱ्यांचे फोटो काढायला धंद्यात सवड झाली नाही. दुकान बंद केल्यावर 2023 च्या ऑगस्टमध्ये सौभाग्यवतींसह मुलीकडे फिनिक्सला गेलो, तेव्हा या दोन्ही जागा पाहिल्या.

चूक मला कशी कळली, हे सांगायला हवं, कारण ती आकारावरून कळली नाही, दगडावरून कळली. हॉर्सशू बेंडचा कडा वरपासून खालपर्यंत एकाच जातीच्या दगडाचा आहे, नारिंगी वालुकाश्म, आणि त्यावर तिरप्या रेघा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांचा तो दगड झालेला, वाऱ्याने वाळू ज्या उताराने लोटली त्या उताराच्या त्या रेघा. ग्रँड कॅनियनच्या काठावरून हा थर केव्हाच झिजून गेला. तिथे दिसतात ते त्याच्याही खालचे थर, आणि ते एकावर एक, वेगवेगळ्या रंगांचे, जुन्या ट्रंकेतल्या साड्यांच्या घड्यांसारखे. आपल्या फोटोत थर नाहीत. म्हणजे तो ग्रँड कॅनियन नाही.

आता रंग. आपल्या फोटोत नदी निळी आहे, नीळ घातल्यासारखी. आणि कडे इतके भगवे, की पेंटरने नुकताच हात मारून ब्रश खाली ठेवलाय असं वाटावं. तिथे नदी हिरवी दिसते. त्यामागे कारण आहे. वरच्या बाजूला काही किलोमीटरवर ग्लेन कॅनियन धरण आहे, त्यात 1963 पासून पाणी अडवायला सुरुवात झाली. गाळ सगळा मागे जलाशयात बसतो आणि खोलातलं थंड, स्वच्छ पाणी पुढे सुटतं. ते हिरवं दिसतं. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तांबूस. धरणाआधी ती वर्षाचा बराच काळ आषाढातल्या कृष्णेसारखी गढूळ, लाल वाहायची. आजही खाली ग्रँड कॅनियनमध्ये पाऊस पडून उपनद्यांचा गाळ मिसळला, की ती पुन्हा तपकिरी होते. म्हणजे त्या नदीच्या रंगातच तिची हकिगत आहे. हिरवी असली तर धरण जवळ, तांबडी असली तर वर कुठेतरी पाऊस. निळी केली की दोन्ही पुसलं.

फोटो पाठवणाऱ्याला दोष देत नाही. मोबाइलमध्ये रंग वाढवायची पट्टी असते, बोट सरकवलं की झालं. आम्हीही काही संत नव्हतो. नवरीचा रंग उजळून दे म्हणून मुलाकडचे सांगायचे आणि आम्ही द्यायचो. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करून किती मुलींच्या गालांवरच्या देवीच्या खुणा मी घालवल्या असतील! पण तिथे गिऱ्हाईक समोर असायचं आणि त्याला ठाऊक असायचं काय केलंय ते. वर्तमानपत्रातला वाचक फोटोला पुरावा मानतो.

माझी स्वतःची फजितीही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याने नुसती अक्कल शिकवली असं व्हायचं. फिनिक्सहून पहाटे निघून आम्ही दहाच्या सुमारास दक्षिण काठावर पोचलो. गाडी लावून दोन मिनिटं चाललो, झाडं संपली आणि पुढे जमीनच नव्हती. मॅथर पॉइंट. सौ. काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरला, जो त्यांनी लग्नाच्या हारानंतर चारचौघांत कधी धरला नव्हता. मी हात सोडवून घेतला आणि कॅमेरा काढला. संध्याकाळपर्यंत 340 फोटो. रात्री मुलीने ते खोलीतल्या टीव्हीवर लावले. दहाबारा झाल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, हे सगळे सारखेच दिसतायत का?"

सारखेच दिसत होते. 38 वर्षांच्या धंद्यानंतर! रात्रभर झोप नाही.

चुकलं काय, ते पहाटेपर्यंत लक्षात आलं. पहिली गोष्ट, ऊन. भर दुपारी सूर्य डोक्यावर, सावल्या पायाखाली. एवढे मोठे सुळके, पण एकाची सावली दुसऱ्यावर पडत नाही, म्हणून सगळे एकाच भिंतीला चिकटवल्यासारखे. चेहऱ्याला समोरून फ्लॅश मारला की नाक दिसत नाही, तसंच. स्टुडिओत मी लाइट नेहमी एका बाजूने लावायचो, आणि इथे मात्र सूर्य बाजूला जायची वाट बघितली नाही.

दुसरी, माप. ती दरी सरासरी 16 किलोमीटर रुंद आहे. मिरज-सांगली अंतराच्या दीडपट! खोली दीड किलोमीटरच्या वर. लांबी नदीच्या वळणांनी 446 किलोमीटर. समोरच्या उत्तर काठावर गाडीने जायचं तर वळसा पडतो जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरचा. पण फोटोत माप कळायला ओळखीचं काहीतरी लागतं. माणूस, झाड, घर, बैल. माझ्या 340 फोटोंत असं काही नव्हतं. मी मुद्दाम माणसं टाळली होती, 'निसर्ग शुद्ध यावा' म्हणून. परिणाम असा, की तो डोंगर तीन हजार फुटांचा आहे की गणपतीच्या आराशीतला, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

तिसरी, ती निळसर पुसट झाक. पलीकडचे कडे धुरकट दिसतात. आजकाल सॉफ्टवेअरमध्ये ती काढून टाकायची सोय आहे आणि पहिल्या रात्री मुलीच्या लॅपटॉपवर मी ती काढूनही पाहिली. फोटो कडक आला, पण पलीकडचा काठ उडी मारून अलीकडे आला. सोळा किलोमीटरचे सोळाशे फूट झाले. त्या झाकेनेच तर डोळ्याला अंतर कळत होतं. अर्थात सगळी झाक हवेचीच असते असं नाही. वणव्यांचा धूर असतो, शहरांचा असतो. पेजजवळच्या मोठ्या कोळशाच्या वीजकेंद्राचाही होता, ते 2019 मध्ये बंद झालं. पण जेवढी आहे तेवढी फोटोत असू द्यावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठलो आणि याकी पॉइंटला गेलो. तिथे खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाची बस असते. अंधारात आम्ही सात-आठ जण, सगळे ट्रायपॉडवाले, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास पहिलं ऊन आलं ते दरीत आलंच नाही, फक्त वरच्या टोकांना लागलं. एकेक शिखर पेटत गेलं, खाली सगळं जांभळं-काळं. मग ऊन भिंतीवरून खाली उतरू लागलं, अंगणातलं ऊन पायरी पायरीने उतरतं तसं, आणि दर पाच मिनिटांनी दरीत एक नवा डोंगर उगवायचा, जो मघाशी नव्हता. अर्ध्या तासात मी फक्त अकरा फोटो काढले.

तिथेच एक गंमत कळली. या दरीत ठळक दिसणारी एक उंच लाल भिंत आहे, पाचशे फुटांहून उंच. नावच रेडवॉल. तो चुनखडीचा दगड मुळात राखाडी आहे. वरच्या लाल थरांतलं लोह पावसाने धुऊन खाली ओघळतं आणि भिंतीला लाल चढतो. जिथे नुकतीच दरड पडून आतला दगड उघडा पडलाय, तिथे राखाडी ठिगळ दिसतं. निसर्गानेही रंग लावलाच आहे म्हणायचा, पण पट्टी सरकवून नाही.

आणि अगदी तळाला, नदीच्या काठचा काळा दगड, 170 कोटी वर्षांहून जुना. त्याचं नाव विष्णू. खरंच. भूशास्त्राच्या पुस्तकांत 'विष्णू शिस्ट' म्हणतात. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने 1880 च्या आसपास तिथल्या सुळक्यांना विष्णूचं देऊळ, शिवाचं देऊळ अशी नावं ठेवली. नकाशावर रामाचं आणि कृष्णाचंही ठाणं आहे. सौ. ना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बरोबर आहे, विष्णू तळाशीच निजायचा." आणि कठड्यापाशी उभ्या राहून त्यांनी नमस्कार केला. शेजारी उभ्या असलेल्या एका जपानी बाईंनीही केला. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्या दरीतला सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात तरुण थर 27 कोटींचा. कोकणकड्यावर उभं राहून 'किती पुरातन' म्हणायची मला सवय होती, ती आता जरा कमी झाली आहे.

पण मला खरं हलवलं ते दरीने नाही, एका दुकानाने. काठाच्या अगदी टोकाला, ब्राइट एंजल ही पायवाट जिथून खाली उतरते तिथे, लाकडी इमारत आहे. कोल्ब स्टुडिओ. एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या भावांनी 1904 पासून ती बांधत नेली. धंदा काय, तर खेचरावर बसून दरीत उतरणाऱ्या पर्यटकांचा फोटो काढायचा आणि ते परत वर येईपर्यंत छापून विकायचा. म्हणजे आमचाच धंदा! पण काठावर पाणी नाही. पाऊस पडतो तो चुनखडीत मुरून खाली हजारो फुटांवर झऱ्यांतून निघतो. वरच्या वस्तीला पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावं लागे. (2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते आम्ही स्टेशनात उभं राहून पाहिलंय, त्यामुळे मला हे चटकन समजलं.) आणि फोटो धुवायला स्वच्छ पाणी तर हवंच. तेव्हा सकाळी खेचरांचा तांडा काठावरून निघाला की फोटो काढायचा, काचेच्या प्लेटा पाठीला बांधायच्या आणि एमरीने त्या खेचरांच्या पुढे पळत सुटायचं. साडेचार मैल, तीन हजार फूट खाली, जिथे झऱ्याचं पाणी होतं त्या बागेपर्यंत. हल्ली तिला हवासुपाई गार्डन्स म्हणतात. तिथल्या डार्करूममध्ये प्लेटा धुवायच्या, छापायच्या आणि पुन्हा साडेचार मैल चढून पर्यटकांच्या आधी वर पोचायचं. सिंहगडाच्या दीडपट तरी चढ असेल तो. एका दिवसात, आणि सीझनमध्ये रोज.

मी त्या स्टुडिओतल्या एका छोट्या खिडकीपाशी बराच वेळ उभा होतो. तिथून खालच्या पायवाटेचं वळण दिसतं, त्याच खिडकीतून ते फोटो काढायचे. मिरजेत नळाला पाणी नाही म्हणून हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुतला गेला नाही आणि वर्षाभरात पिवळे पडले, असे कितीतरी फोटो मी 'कागदच खराब आला' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेत. एमरी 1976 मध्ये गेला, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, त्याच घरात बहुतेक सगळं आयुष्य काढून. दोघा भावांचं पुढे पटेना, तेव्हा कोणी राहायचं आणि कोणी जायचं ते म्हणे नाणं उडवून ठरवलं. आमच्या दुकानाची वाटणी तशी झाली असती तर वकिलाचे पैसे वाचले असते.

स्टुडिओतून बाहेर आलो आणि कठड्यापाशी खाली पाहिलं, तर खेचरं. आजही जातात. वळणावळणाच्या वाटेवर पाच ठिपके, सगळ्यात पुढच्यावर गुलाबी शर्ट. मी लांबची लेन्स लावली. खेचरं, त्यांच्यावर लाल भिंत, तिच्यावर फिकट पिवळी भिंत, तिच्यावर पांढुरका काठ आणि काठावरची झाडं, एवढीशी, कोथिंबिरीच्या काड्यांसारखी. त्या रात्री मुलगी टीव्हीसमोर या फोटोवर थांबली. आधी तिला खेचरं दिसलीच नाहीत. दिसल्यावर ती उठून टीव्हीजवळ गेली आणि म्हणाली, "अगं आई, ही माणसं आहेत!"

एक धोक्याची गोष्टही सांगतो, कारण आपल्या फोटोमुळे उद्या कोणी तिकडे गेला तर उपयोगी पडेल. तिथे सगळीकडे कठडा नाही. काठापासून सहा फूट लांब राहा असं उद्यानवाले सांगतात. तरणी पोरं कठडा ओलांडून सुळक्यावर बसतात, दरीकडे पाठ, तोंड मोबाइलकडे. ते बघून मी मोठ्याने च्यक्च्यक् करत होतो. त्यानंतर तासाभराने हॉपी पॉइंटवर मीच डोळा कॅमेऱ्याला लावून, सौ. फ्रेममध्ये बसाव्यात म्हणून एकेक पाऊल मागे सरकत होतो. लग्नाच्या हॉलमध्ये असं सरकलं तर फार तर खुर्चीला धडकतो माणूस. सौ. ओरडल्या ते अस्सल मिरजेच्या भाषेत, इथे लिहिता येत नाही. मागे वळून पाहिलं तर चार पावलं उरली होती.

त्याच दुपारी पाऊस आला. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग भरून येतात आणि त्याला तिथली माणसंसुद्धा 'मान्सून' म्हणतात. आपल्यासारखा भिजपाऊस नव्हे. दरीच्या पलीकडे एकच ढग, त्यातून पावसाचा करडा पडदा लोंबतोय, आणि तो पडदा जमिनीला टेकतच नाही! कोरड्या हवेत अर्ध्यावर विरून जातो. त्याच्या शेजारी एका सुळक्यावर कुठून तरी ऊन पडलेलं. तीन फोटो मिळाले. चौथ्याला गडगडाट झाला आणि रेंजरबाईंनी सगळ्यांना काठावरून हुसकून बसमध्ये बसवलं. धातूचा ट्रायपॉड घेऊन उंच उघड्या जागी उभं राहायचं म्हणजे विजेला आवतणच.

तर माझं मागणं थोडकं आहे. येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी: जागा हॉर्सशू बेंड, पेजजवळ, अॅरिझोना. आणि यापुढे वाचकांचे असे फोटो छापताना ठिकाण आणि साधारण वेळ त्यांना विचारून खाली द्यावी. रंग वाढवला असेल तर 'रंग वाढवलेला' हे दोन शब्दही. जागा फार लागणार नाही, फोटोखाली तुम्ही 'विलोभनीय' लिहिता त्या जागेत मावेल.

सोबत माझा एक फोटो पाठवतो आहे. पायवाटेचा आहे, ऑगस्टमधला, सकाळी साडेआठचा, रंग जसे होते तसे. छापलाच पाहिजे असं नाही. छापला तर डावीकडचा खालचा कोपरा मात्र कापू नये, खेचरं तिथे आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त फोटोग्राफर, मिरज